उजव्या बाहीवरचा बोकड

दादा, बोरीला जाऊन आले. तू जायचं म्हणत राहिलास आणि गेला नाहीस, म्हणून मी गेले. तुझा तो वर्दीचा हिरवा सदरा पिशवीत घातला, सेलूच्या स्टँडवरून वालूरमार्गे बोरीची गाडी धरली आणि तुझ्या फौजेतल्या दोस्ताच्या, उत्तमभाऊंच्या दारात जाऊन उभी राहिले. घरातून निघताना तुझे मेहुणे म्हणाले, तेरावा होऊन चार रोज झाले नाहीत, कुठं निघालीस? म्हटलं, दादाचं राहिलेलं काम हाय. माझं डोकं फिरलेलं असलं की ते बोलत नाहीत, तुला ठाऊक आहे.

तुझ्या तेराव्याला सगळं गाव तीच गोष्ट सांगत होतं. आपला बिरू म्हणजे फौजी माणूस, दंग्याच्या टायमाला वर्दी घालून एकटा बौद्धवाड्यात गेला, उत्तमच्या मायला बाहेर काढलं आणि बोरीच्या वाटेला लावलं. मी माना डोलावत होते. ही गोष्ट सगळ्यात जास्त कुणी सांगितली असेल तर मीच. सेलूत माझ्याकडं झंपर शिवायला येणाऱ्या बाया ती ऐकून ऐकून कंटाळल्या असतील. माझा दादा असा, माझा दादा तसा. आणि वहिनीच्या खोलीत खुंटीला तो सदरा लटकत होता, इस्त्री केलेला, संक्रांतीपासून तसाच. येता-जाता तो डोळ्यात खुपायचा. शेवटी काढला आणि घेऊन आले.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आले होते, आठवतं ना? रेडिओवर सांगितलं की विद्यापीठाचं नामांतर झालं. तू ओसरीवर बसला होतास. रेडिओ बंद केलास, ट्रंकेतून सदरा काढलास, आणि कोळशाची इस्त्री स्वतः तापवलीस. वहिनीला हात लावू दिला नाहीस. म्हणालास, "आता जातो उत्तमकडं." मी म्हटलं, "इतकी वर्षं काय नाव बदलायची वाट बघायला होतास का?" तू इस्त्री फिरवत राहिलास. उजव्या बाहीवर आलास तेव्हा बिल्ल्याच्या कडेकडेनं फिरवलीस, त्याला चटका लागू दिला नाहीस. मी ते बघितलं आणि मनात हसले. मला वाटलं, बहिणीच्या हातचा आहे म्हणून जपतोय.

त्या बिल्ल्यावरून आपण किती भांडलो, दादा.

पहिल्यांदा वर्दी घालून तू दारात उभा राहिलास तेव्हा आईनं तुझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, बाहीकडं बघितलं. हिरव्या चौकोनावर पांढरा बोकड. वळणाची मोठी शिंगं, खाली तीन शिखरं, पुढचा एक पाय उचललेला. आई म्हणाली, "हे लंगडतंय की रं. खुरात काटा गेलाय का बघ."

"आई, ते लंगडत न्हाई. डोंगर चढायलंय."

"मंग तसं सांग की. आन अंगावर केस का न्हाईत त्याच्या? थंडीत मरंल ते."

तू डोक्याला हात लावलास. मग तिला समोर बसवून समजावलंस. टोपीवरचं चिन्ह ज्याच्या त्याच्या पलटणीचं. "माझं येगळं आन उत्तमचं येगळं. पण बाहीवरचा हा बोकड समद्यांचा. तोफवाला असू दे, डायवर असू दे, लंगरात रोट्या भाजणारा असू दे. आमची ड्युटी हाय त्या बर्फाच्या डोंगरात जेवढे हाईत तेवढ्यांच्या बाहीवर ह्योच." मी शहाणी, नुकतीच वाचायला शिकलेली, तीही तुझ्याच पाटीवर. मी विचारलं, मग नाव का नाही लिहीत सरळ? तू म्हणालास, "नाव लिवलं की दुश्मनाला बी वाचता येतंय. चित्राचं तसं न्हाई. ज्याचं हाय त्यालाच कळतंय, की आपलं माणूस आलं."

"आपल्या मेंढरांवानी," आई म्हणाली, आणि तिला सगळं कळलं.

तिचं बरोबरच होतं. कातरणी झाली की आपण मेंढरांच्या पाठीवर गेरूनं खूण करायचो, कोयत्यासारखी वाकडी रेघ, तोंड उजवीकडं. चुलता वेगळा निघाला तेव्हा त्यानं खूण तीच ठेवली, फक्त तोंड डावीकडं केलं. लांबून मेंढरू दिसलं की मी सांगायची, आपलं का चुलत्याचं. खूण उलटली की घर बदललं, हे मला चालता येण्याच्या आधीपासून ठाऊक. माझी चूक झाली ती त्यामुळंच झाली, आणि ती आपल्या घरातल्या पोरीशिवाय कुणाच्या हातून झाली नसती.

तू छुट्टीवर आला होतास. आईनं तुझा सदरा नदीवर नेला आणि गोधडी धुवावी तसा दगडावर आपटला. उजव्या बाहीवरच्या बोकडाचा पार भुगा झाला, डाव्याची शिंगं उसवली. तू म्हणालास, पलटणीतला दर्जी नवे देईल. मला राग आला. मी सेलूत मशीनवरचं भरतकाम शिकत होते, मास्तर माझ्या हाताचं कौतुक करायचे, आणि माझ्या भावाच्या बाहीवर दर्ज्याचा बोकड? तू मला छावणीच्या बाजारातून रेशमाच्या लड्या आणायचास त्या कशासाठी मग? मी डावा बिल्ला समोर ठेवला आणि त्याच्यासारखे दोन भरले. शिंगाची वळी न वळी मोजून. दोन्ही अगदी एकसारखे. शिवून दिले आणि तू सदरा घातलास.

"गोदे, हा मागं तोंड करून हाय."

"मंग?"

"मंग काय? फौजेत बोकड मागं बघत न्हाई. दोन्ही बाह्यांवर तोंड पुढंच लागतंय. दोन बिल्ले एकमेकाचे उलटे असतेत, म्हणून. ह्यो माझ्या उजव्या हातावर बसून पळून जायलाय."

"एक उजवीकडं आन एक डावीकडं केला तर ते दोन घरचे झाले की. एक आपला, एक चुलत्याचा."

तू इतका हसलास की तुला ठसका लागला. पुन्हा पुन्हा बाही ओढून बघायचास आणि हसायचास. मग डोळे पुसून म्हणालास, उद्या उसव आणि सरळ करून दे, असा घालून गेलो तर पलटण मला जगू देणार नाही. मी म्हटलं, करते. तू इतकं हसताना मी तुला नंतर कधी बघितलं नाही, दादा.

दुसऱ्या दिवशी उसवायला वेळच मिळाला नाही. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरल्याची खबर गावात आधीच आली होती, जिकडंतिकडं कुजबुज होती, शेजारच्या गावात घरं जाळल्याचं कळलं होतं. दुपारी माणसं वेशीकडं जमायला लागली. आपलीच माणसं. ज्यांच्याकडं आपण वाटीभर मीठ मागायला जायचो ती. तू उठलास. उत्तमभाऊ तिकडं डोंगरात ड्युटीवर, त्यांनी मायसाठी तुझ्याजवळ काळी शाल पाठवली होती, आणि मायकडं बघ म्हणून सांगितलं होतं. शाल तू आल्या दिवशीच नेऊन दिली होतीस, चहा पिऊन आला होतास. आईनं दार अडवलं. तू सदरा अंगात घातलास, गुंड्या लावल्यास. "वर्दी बघून थांबतेन. मला हात लावायची कुणाची हिंमत हाय?" मी म्हटलं, दादा, ती बाही. तू म्हणालास, "आता बाही कोण बघतंय?"

मग धूर दिसला. आई जात्यापाशी बसून राहिली, ना दळत होती ना उठत होती.

दिवस मावळायच्या आत तू परत आलास. म्हणालास, "धुरपतामायला बोरीच्या वाटंला लावलं. घर न्हाई वाचलं." आईनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. तू वाडग्यात जाऊन मेंढरांमध्ये बसलास. मी पाणी घेऊन आले तर तू तांब्या हातात धरलास आणि प्यालाच नाहीस. मला वाटलं, घर वाचलं नाही म्हणून दुःख आहे.

सकाळी मी कात्री घेऊन सदरा उसवायला बसले, तू माझ्या हातातून ओढलास. "राहू दे. असाच राहू दे." त्यानंतर तू कितीदा आलास, प्रत्येक वेळी मी म्हणायची, आण, सरळ करते. तुझं एकच ठरलेलं, "तुझी चूक हाय, तुझ्या डोळ्यापुढं राहू दे." मी चिडायची. तुला चिडवायला आवडतं असं समजायची. नव्या वर्दीवर दर्ज्याचे सरळ बिल्ले आले, हा सदरा ट्रंकेत राहिला, पण त्याला हात लावायची सोय नाही.

आणि उत्तमभाऊंचं नाव तुझ्या तोंडातून गेलं. आधी प्रत्येक छुट्टीत उत्तम असा म्हणाला, उत्तमनं असं केलं. मग काही नाही. ते फौजेतून परत आले ते गावाला आलेच नाहीत, मामाच्या गावी बोरीला राहिले. गावात त्यांचं होतं काय आता? तू परत आलास. मी म्हणायची, जाऊन ये की बोरीला, जवळच तर आहे. ज्याच्या मायला तू वाचवलंस त्याच्यापुढं तोंड लपवायला तुला काय झालं? की तू लगेच बिल्ल्यांवर यायचास. कुठल्या पलटणीच्या टोपीवर काय, कॉलरवर काय, कुणाची फीत कुठल्या खांद्यावर आणि का, तलवारीचं टोक वर असलं तर काय आणि खाली असलं तर काय. बोलत सुटायचास. मला त्यातलं निम्मं पाठ आहे आता. संक्रांतीला पण तेच. मी पुन्हा विचारलं, कधी जातोस? तू म्हणालास, "तुला म्हाईत हाय का गोदे, जुन्या काळी बाहीवर…" मी मध्येच म्हटलं, "तुझे बिल्ले घाल चुलीत." आणि तिळाची वाटी तुझ्या पुढ्यात आदळून आत गेले. गोड बोलायच्या दिवशी. तेच आपलं शेवटचं बोलणं. पुढच्या खेपेला मी आले तेव्हा तुला दवाखान्यातून आणलं होतं, पांढऱ्या चादरीत.

उत्तमभाऊंचे केस पिकलेत, चष्मा लागलाय. मला ओळखलं. "गोदाबाई ना? बसा." घर बारकं आहे, नीटनेटकं. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. मी घोटभर प्याले आणि माझ्या स्वभावाप्रमाणे सरळच विचारलं, "खबर मिळाली न्हाई का तुमाला? मातीला आला न्हाईत."

"मिळाली व्हती."

बस. मला वाईट वाटलं आणि रागही आला. मी पिशवीतून सदरा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, संक्रांतीला दादानं स्वतः इस्त्री केला, तुमच्याकडं यायचं म्हणून. राहून गेलं. त्यांनी डाव्या बाहीवर हात ठेवला. मग सदरा फिरवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ह्यो उलटा हाय."

"माझी चूक हाय. दादा सरळ करू देत नव्हता. आता कातर-दोरा घेऊनच आलेय. तुमच्या म्होरं सरळ करून देते."

कोपऱ्यात बाजेवर उत्तमभाऊंची म्हातारी माय बसली होती. मला वाटलं होतं, तिला ऐकू येत नसेल. ती म्हणाली, "आन इकडं."

धुरपतामायनं सदरा डोळ्याजवळ नेला. शिंगावरून बोट फिरवलं, उचललेल्या पायावरून फिरवलं. मी म्हटलं, "माय, दादानं तुमाला बोरीच्या वाटंला लावलं त्या दिवशी हाच सदरा व्हता त्याच्या अंगात."

"वाटंला लावलं? कोन म्हनलं?"

मी उत्तमभाऊंकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते.

"मी कुंपणात व्हते, बाई," ती म्हणाली. "निवडुंगाच्या आड. खोकला येईल म्हणून शालीचा बोळा तोंडात कोंबला व्हता. तुझा भाऊ हिरीपस्तोर आला. लांबून त्याच्या बाहीवरचा बोकड दिसला. माझ्या उत्तमच्या बाहीवर हाय तसाच. मला वाटलं, आलं आपलं माणूस. मी उठणारच व्हते. तवर तुझ्या चुलत्यानं त्याचा दंड धरला. काईतरी बोलला. लय न्हाई, दोन शब्द. आन तुझा भाऊ वळला."

मी पिशवीतला दोरा काढून बोटाला गुंडाळत राहिले.

"माझ्यापासून हातभर लांबून गेला. त्याचं तोंड गावाकडं. बाहीवरचा बोकड मातर आमच्या घराकडं तोंड करून व्हता. घर तवा पेटलं व्हतं. मी त्या बोकडाकडंच बघत बसले, तो दिसंनासा होईपस्तोर. मंग उठले आन एकलीच बोरीला चालत आले."

दादा, ही गोष्ट मी किती जणींना सांगितली होती. आणि म्हातारी इथं बोरीत बसली होती, सगळा वेळ.

उत्तमभाऊ मग बोलले. तू छुट्टीवरून परत गेलास तेव्हा त्यांनी तुला विचारलं होतं आणि तू त्यांनाही तेच सांगितलंस. "मी त्याला मिठी मारली, बाई. समद्यांच्या देखत. मंग मी घरी आलो आन मायनं सांगितलं. परत गेल्यावर मी काई म्हणलो न्हाई. पलटण येगळी असली तरी एका लंगरात जेवत व्हतो. सांगंल म्हणून वाट बघितली. सांगितलं असतं तर…"

"तर काय?"

"आता काय सांगू."

म्हातारीनं हात पुढं केला. "कातर दे."

मी दिली. तिनं उजव्या बाहीवरचा एकेक टाका कापला. मी मदत करते म्हटलं नाही, आणि तिनं ते करूही दिलं नसतं. बिल्ला सुटला. कडेचे दोरे तिनं नखानं काढले, बिल्ल्याची घडी घातली आणि कमरेच्या चंचीत पानाशेजारी ठेवली.

"ह्यानं तरी बघितलं व्हतं," ती म्हणाली. आणि सदरा माझ्याकडं सरकवला. "ह्यो ने तुझ्या घरी. आमाला नगं."

स्टँडवर उत्तमभाऊ सोडायला आले. मग म्हणाले, "डोंगरात मी एकदा बर्फात पडलो, पाय मोडला. बिरूनं मला पाठीवर घेऊन खाली आणलं. त्ये बी खरं हाय, बाई. तिथं तो मागं वळला न्हाई. मंग गावात आल्यावर काय झालं त्याला?" मला विचारत होते. जसं काही मला सांगता येणार होतं. मी म्हटलं, मला न्हाई म्हाईत, भाऊ. गाडी आली.

चुलता केव्हाच गेला. त्यानं तुझ्या कानात कुठले दोन शब्द घातले हे आता जगात कुणालाच ठाऊक नाही. मी रोज नवे शब्द लावून बघते. आमचा का त्यांचा, असं म्हणाला असेल. आई घरी एकटी हाय, असं म्हणाला असेल. काहीही म्हणाला असेल, दादा, त्याचा हात झटकायला तुला काय झालं होतं? आणि नाही झटकला तर नाही झटकला, मला सांगायला काय झालं होतं? मी शिव्या दिल्या असत्या. महिनाभर बोलले नसते. मग तुझा हात धरून बोरीला घेऊन गेले असते, ओढत नेलं असतं. तू मला अक्षरं शिकवलीस, माझ्या सासरी भांडून मला मशीनवर बसू दिलंस, माझ्या हाताला जे काही येतं ते तुझ्यामुळं. एवढं करणारा माणूस एक खोटं पाठीवर घेऊन हिंडत होता आणि मी त्याच्याच पाठीवर थापा मारत होते.

राग जात नाही माझा. तुझी आठवण आली की आधी रडू येतं आणि मग राग, कधी उलटं. वहिनीला काही सांगितलं नाही अजून. पण आता कुणी ती गोष्ट सांगायला लागलं तर मी मान डोलावणार नाही. जे झालं ते सांगणार आहे, मेंढरांची खूण, माझी चूक आणि तुझं वळणं, सगळं. तुला आवडणार नाही. नाही तर नाही.

सदरा माझ्याकडं आहे. डाव्या बाहीवरचा बोकड सरळ पुढं बघतोय, त्याला मी हात लावला नाही. उजवी बाही मोकळी आहे. उन्हानं, धुण्यानं सगळा सदरा विटलाय, बिल्ल्याखालचा तेवढा चौकोन पहिल्या दिवसासारखा हिरवा राहिलाय. मशीन समोर आहे, तू आणलेलं पांढरं रेशीमही शिल्लक आहे. तिथं मी काही शिवणार नाही.